पाचपट चित्र आणि आमचं कपाट

डीव्हीडीची जागा घ्यायला दोन नव्या डिस्क भांडत होत्या, तोशिबाच्या गटाची एचडी डीव्हीडी आणि सोनीच्या गटाची ब्लू-रे. १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबानं एचडी डीव्हीडीचा गाशा गुंडाळला आणि ब्लू-रे जिंकली. त्या काळात आमच्याकडे धुळ्यात लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरमधून कापून दारामागे चिकटवलेलं असायचं. तरी आम्हा दोन-चार टाळक्यांना त्या बातमीचं भारी अप्रूप. टपरीवर वाद रंगायचा, की आता ब्लू-रे डीव्हीडीला खाणार की नाही? ज्यांच्या घरी ब्लू-रे प्लेअर नाही, एचडी टीव्ही नाही आणि ऐन संध्याकाळी लाईटही नाही, असे लोक हा वाद तावातावानं घालत होते. हौसेला मोल नसतं ते असं.

पण वाद पोकळ नव्हता. सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे, तिन्हींचा आकार एकच. १२ सेंटिमीटर व्यास, १.२ मिलिमीटर जाडी. सगळा फरक प्रकाशाचा. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा लाल आणि ब्लू-रेला ४०५ चा निळा-जांभळा. लहर जितकी आखूड, तितका प्रकाशाचा ठिपका बारीक पाडता येतो आणि डिस्कवरच्या माहितीच्या गोल गोल रेघेचे वळसे जवळ आणता येतात. सीडीत दोन वळशांमध्ये १.६ मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतर असतं, डीव्हीडीत ०.७४ आणि ब्लू-रेत ०.३२. तिफणीच्या फणांमधलं अंतर कमी केलं की तेवढ्याच वावरात ओळी जास्त बसतात, तसं हे. म्हणून सीडीत ७०० एमबी, एकथरी डीव्हीडीत ४.७ जीबी आणि एकथरी ब्लू-रेत २५ जीबी. हा निळा प्रकाश मिळायला मात्र जगाला फार थांबावं लागलं. गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकातून तो काढणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नाकामुरांनी त्याच वाटेनं पुढे निळा-जांभळा लेझरही केला, आणि तो नसता तर टपरीवरच्या वादाला विषयच नव्हता.

एचडी डीव्हीडीतही हाच निळा लेझर होता. तोशिबाचा विचार काटकसरीचा होता. माहितीचा थर डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर आत ठेवायचा, म्हणजे डिस्क छापायची जुनी यंत्रं थोड्या फेरफारानं चालतील. जागा कमी, एका थरात १५ जीबी, पण खर्चही कमी. ब्लू-रेवाल्यांनी तो थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ, ०.१ मिलिमीटरवर आणला. जागा वाढली, पण एवढ्याशा चरोट्यानंही डिस्क जाईल म्हणून वर टणक लेप चढवावा लागला. मला स्वतःला तोशिबाचं डोकं पटलं होतं. पण अशा लढाया डोक्यावर ठरत नाहीत. २००६ च्या नोव्हेंबरात सोनीनं प्लेस्टेशन ३ मध्येच ब्लू-रे ड्राइव्ह घालून दिला आणि खेळाच्या निमित्तानं ती लाखो घरांत शिरली. जानेवारी २००८ मध्ये हॉलिवूडच्या वॉर्नर स्टुडिओनं ब्लू-रेची बाजू घेतली आणि महिना-दीड महिन्यात सगळं आटोपलं.

आमच्याकडे तेव्हा डीव्हीडीच अजून नवी होती. राज्य होतं व्हीसीडीचं, म्हणजे साध्या सीडीवर भरलेल्या सिनेमाचं. हे प्रकरण अमेरिकेत कधी रुजलंच नाही, पण आशियात घराघरात गेलं. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र, जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या तोडीचं. एका डिस्कवर ७४ मिनिटं, म्हणजे हिंदी सिनेमाला दोन डिस्क, लांबला तर तीन. ऐन मारामारीत पडदा निळा व्हायचा आणि उठायचं कोणी यावरून घरात दुसरी मारामारी.

या व्हीसीडीवर खान्देशानं जे केलं त्याची दखल घ्यायलाच हवी. आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाई या खान्देशातल्या देवीच्या सणाआधी बसस्टँडजवळच्या हातगाड्यांवर अहिराणी व्हीसीडींचे ढीग लागत. कानबाईची गाणी, झोक्यावरची गाणी, लग्नात नाचायची गाणी आणि सासू-सुना, जावई, दारुड्या यांच्यावरचे विनोदी फार्स. नट म्हणजे आसपासच्या गावांतली माणसं, सेट म्हणजे कुणाचा तरी खराखुरा ओटा, आणि मागे म्हैस रवंथ करतेय ती पटकथेत नव्हती. मालेगाव इथून तासाभराच्या रस्त्यावर. तिथं व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या पोरांनी हँडीकॅमवर अख्खे सिनेमे काढले. मुंबईच्या निर्मात्याला ज्या भाषेत काडीचा रस नव्हता, त्या भाषेला या दहा-वीस रुपयांच्या चकतीनं बाजारपेठ दिली. अहिराणीला पडदा मिळाला तो असा, २१ इंची टीव्हीचा.

त्यातच २००७ मध्ये मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या भारतीय कंपनीनं सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली आणि गणित बदललं. सहा रुपयांत डिस्क बदलायची कटकट गेली. माझं निरीक्षण असं, की आमच्याकडे डीव्हीडीनं व्हीसीडीला हरवलं ते चित्रामुळे नाही. चित्राचं कौतुक मी फारसं कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. लोक सांगायचे, "एकाच डीव्हीडीत पाच पिक्चर बसतात." पाच सिनेमे एका डिस्कवर कोंबले की त्यांची व्हीसीडीहून वाईट खिचडी होते. पण प्लेअरला डिस्क एकदा घातली की लाईट जाईपर्यंत करमणूक चालू. हे प्लेअरही भन्नाट होते. नाव भलतंच, कंपनी कोणती ते देव जाणे, पण चरे पडलेली, वाकलेली, वरण सांडलेली कसलीही डिस्क ते मुकाट्यानं वाचायचे. सुरुवातीचे ब्लू-रे प्लेअर त्यापुढे भलते नखरेल. चालू करून डिस्क घातली की मिनिटभर नुसते विचारच करत बसायचे.

जळगावच्या एका शोरूममध्ये नानामामांना घेऊन गेलो होतो. मामा शिंदखेड्याकडचे, कापसाचे पैसे आलेले, टीव्ही घ्यायचा होता. दुकानातल्या पोरानं दोन टीव्ही शेजारी ठेवले होते, एकावर डीव्हीडी आणि एकावर ब्लू-रे. पडद्यावर पाण्यातले मासे. का कोण जाणे, शोरूममध्ये नेहमी मासेच असतात. पोरगा माशाचे खवले मोजून दाखवत होता. मामा मागे सरकत सरकत सोफ्यापर्यंत गेले, बसले, उपरण्यानं चष्मा पुसला आणि म्हणाले, "मना डोयासले दोन्ही सारखंच दिखस भो. मंग इतला पैसा कसाना?"

पोरगा हसला. मला मामांचा राग आला. घरी येऊन मी हिशेब मांडला. निरोगी डोळ्याला कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक कळतो, त्याहून बारीक असेल तर दोन रेघा एकच दिसतात. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ३२ इंच भरणाऱ्या रुंद पडद्याच्या टीव्हीची उंची साधारण ४० सेंटिमीटर. त्यात ब्लू-रेच्या १०८० ओळी बसवल्या की एक ओळ ०.३७ मिलिमीटरची होते, आणि ती सुटी दिसायला सव्वाचार फुटांवर बसावं लागतं. डीव्हीडीच्या ५७६ ओळींचा हिशेब केला तर अंतर येतं पावणेआठ फूट. मामांची खाट टीव्हीपासून आठ-नऊ फुटांवर, भिंतीला लागून. चार फुटांवर बसायचं तर घरातल्या सगळ्यांनी एकमेकांच्या मांडीवर बसायला हवं. म्हणजे मामा बरोबर होते. ब्लू-रे हवी असेल तर आधी टीव्ही मोठा हवा, नाहीतर खोली छोटी. आमच्याकडे उलटं होतं, टीव्ही छोटा आणि बघणारे पंधरा.

पडदे पुढे मोठे झाले, ही गोष्ट खरी. आज त्याच भिंतीवर ५५ इंची टीव्ही टांगलाय आणि त्याच खाटेवरून डीव्हीडीचं चित्र गढूळ दिसतं. पण टीव्ही मोठे होईपर्यंत आमच्याकडच्या लोकांनी डिस्कच टाकून दिली होती. टीव्हीला मागून यूएसबीचं भोक आलं. मोबाईलच्या दुकानांवर 'मेमरी कार्ड भरून मिळेल' अशा पाट्या लागल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मग तर भरून घ्यायचीही गरज उरली नाही. मोझर बेअरचा कारभार २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात अवसायनाला लागला. खुद्द अमेरिकेतही ब्लू-रे आल्यावर कितीतरी वर्षं डीव्हीडीच जास्त खपत राहिली, आणि मग दोघींनाही इंटरनेटनं मागे टाकलं. नेटफ्लिक्सनं टपालानं डिस्क पाठवायचा आपला मूळ धंदा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला. ब्लू-रे डीव्हीडीची जागा घेईल का, याचं उत्तर इतकं सरळ आणि इतकं निरस निघालं.

एक गोष्ट ब्लू-रेच्या बाजूनं सांगतो, कारण मी तिचा पक्षपाती आहे. ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा मिळते, आणि २०१६ मध्ये आलेल्या ४के डिस्कवर त्याच्या कितीतरी पुढे जाता येतं. ४के स्ट्रीमिंगसाठी नेटफ्लिक्स १५ मेगाबिटचं कनेक्शन मागतं. अंधाऱ्या प्रसंगात, धुक्यात, पाण्यात हा फरक सरळ दिसतो. ज्याला सिनेमा नीट बघायचाय त्यानं डिस्कच बघावी. पण असा माणूस शोधायला धुळे-जळगाव-नंदुरबार पालथं घालावं लागेल.

मला खरं जे म्हणायचंय ते निराळंच आहे. नवी डिस्क जुनीची जागा घेईल या म्हणण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की जुन्या डिस्कवर जे आहे त्याची तिच्याहून चांगली मूळ प्रत कुठंतरी शाबूत आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या निगेटिव्हमध्ये डीव्हीडीच्या कितीतरी पट तपशील असतो. म्हणून साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा सिनेमाही नव्यानं स्कॅन केला की ब्लू-रेवर लखलखतो. अर्थात निगेटिव्ह राहिली असेल तर. २००३ मध्ये पुण्यात जुन्या, पटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, तेव्हा कितीतरी जुन्या सिनेमांचा हा रस्ता कायमचा बंद झाला.

आता आमच्या कपाटाकडे या. खालच्या खणात बुटांच्या खोक्यात डिस्क आहेत. ताईचं लग्न, दोन भाचरांची जावळं, आजीच्या हयातीतली शेवटची कानबाई, आणि बऱ्याच अहिराणी व्हीसीडी. लग्न मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर शूट झालं, ७२० बाय ५७६. व्हिडिओवाल्यानं त्यातून डीव्हीडी काढून दिली आणि टेपवर पुढच्या मुहूर्ताचं लग्न शूट केलं. त्याचंही चुकलं नाही, टेप महाग होती आणि लग्नसराई ऐन भरात. अहिराणी फार्सांची गत त्याहून अवघड. जिथं ती व्हीसीडी तयार झाली त्या दुकानात आता मोबाईलचे कव्हर मिळतात. मूळ टेप कुणाच्या माळ्यावर असेल तर असेल. या खोक्यातल्या कशाचीच एचडी डिस्क निघू शकत नाही, कारण जे या चकतीवर आहे त्याच्यापलीकडे काहीच शिल्लक नाही. प्रत आणि मूळ एकच.

ठिपक्यांच्या भाषेत सांगायचं तर ब्लू-रेचं चित्र १९२० बाय १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. डीव्हीडीचं ४ लाख १४ हजार ७२०. बरोब्बर पाचपट. फुल एचडी टीव्हीवर डीव्हीडी लावली की दर पाच ठिपक्यांतले चार टीव्ही स्वतःच्या अंदाजानं भरतो. हल्ली हे अंदाज बांधायचं काम एआयकडून करून देणारेही निघालेत. 'जुना लग्नाचा व्हिडिओ ४के करून मिळेल' अशी जाहिरात बघून मीही एक छोटा तुकडा करून घेतला. ताईचा शालू झकास दिसत होता, जरीकाठ अगदी तार न् तार. मग मोठ्या मामी आल्या ओवाळायला. काहीतरी खटकलं. थांबवून बघितलं, तर मामींच्या कपाळावरचं गोंदण गायब. हनुवटीवरचे तीन ठिपकेही गेले. मूळ चित्रात ते हिरवट, अस्पष्ट आहेत. सॉफ्टवेअरला तो कचरा वाटला आणि त्यानं चेहरा स्वच्छ पुसून काढला. चाळीस वर्षांनी तरुण झालेली ती गुळगुळीत बाई कोण हे घरात कुणालाच सांगता आलं नसतं. मी तो तुकडा उडवून टाकला.

म्हणून डिस्क जशी आहे तशीच्या तशी उतरवून ठेवायची, सुधारायला जायचं नाही, असं ठरवलं. घाई एवढ्यासाठी, की घरी बर्न केलेली डिस्क आणि कारखान्यात छापलेली डिस्क या दोन वेगळ्या जाती. छापलेल्या डिस्कमध्ये खळगे प्लॅस्टिकमध्येच उमटलेले असतात. बर्न केलेल्या डिस्कमध्ये खळगे नसतात, सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि लेझरनं त्यात डाग पाडलेले असतात. उष्णता आणि उजेड हे त्या रंगाचे शत्रू. आणि आमच्याकडचा मे महिना म्हणजे काय ते भुसावळच्या फलाटावर दुपारी बारा वाजता उभं राहिलेल्याला विचारा. पारा ४५ च्या वर, घरावर पत्रा, पत्र्याखाली लोखंडी कपाट आणि कपाटात ताईचं लग्न.

संगणकाला डिस्क ड्राइव्ह आता येत नाही, बाहेरून जोडायचा आणला. ताईची डीव्हीडी फडक्यानं मधून कडेकडे सरळ रेघेत पुसली (गोल गोल पुसू नये, चरा वळशाच्या दिशेनं पडला तर माहिती सलग जाते). आत नेहमीचं व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर, त्यात व्हिडिओच्या एकेक जीबीच्या व्हीओबी फाइली. पहिल्या तीन सरळ उतरल्या. हळद, मांडव, वरात, मंगलाष्टकं. चौथीला ड्राइव्ह घरघरायला लागला. वेग कमी, मग थांबला, मग पुन्हा कर्रकर्र. डिस्क आतून सुरू होऊन कडेकडे वाचली जाते, म्हणजे कार्यक्रमाचा शेवट काठावर असतो. आणि काठावरच सगळ्यांच्या बोटांचे ठसे, तिथंच बर्निंग कच्चं, तिथंच रंग आधी उडतो. पुढे नातेवाइकांच्या डिस्क उतरवायला घेतल्या तेव्हाही बहुतेकांची अडचण तीच. लग्न लागतं, जेवणावळी होतात, शेवभाजीचे टोप दिसतात आणि पाठवणीला चित्र फुटतं. आमच्या खानदानातल्या कितीतरी मुली डीव्हीडीवर अजून माहेरीच आहेत.

खराब भाग पुन्हा पुन्हा वाचून बघणारी सॉफ्टवेअर असतात. त्यातलं एक रात्रभर लावून ठेवलं. ताईची पाठवणी बरीचशी निघाली. मध्ये कुठे चौकोन उडतात, एके ठिकाणी आप्पांचा चेहरा हिरवा होतो, पण माय गाडीच्या दाराशी उभी आहे आणि ताई खिडकीतून तिचा पदर सोडत नाही, तेवढं शाबूत आहे. कडेला बँडवाला हिशेबासाठी थांबलाय, तोही स्पष्ट दिसतो. सगळं मिळून चार जीबीच्या आतबाहेर. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक भावाकडे नाशिकला. अहिराणी व्हीसीडींचंही तसंच चाललंय. त्या जास्त टिकल्यात, कारण बऱ्याचशा छापलेल्या आहेत. व्हीसीडीनं इथंही डीव्हीडीला मागे टाकावं याची मला गंमत वाटते.

एवढं झाल्यावर भाच्याचा फोन. "मामा, आईची पाठवणी फॅमिली ग्रुपवर टाका ना." मी म्हटलं, अरे, पेनड्राइव्हवर देतो, ग्रुपवर टाकलं की चित्र दाबलं जातं, पार व्हीसीडीच्या खाली जातं. तो म्हणाला, "मोबाईलवर कोण बघतंय एवढं!" टाकली. चार मिनिटांचा तुकडा, अंगठ्याच्या नखाएवढे चेहरे. पाचव्या मिनिटाला सुरतेहून धाकट्या मावशीचा व्हॉइस मेसेज आला, मागे लूमचा खडखडाट: "आक्का कितली चांगली दिखी ऱ्हायनी वं माय!" मग तिनं मला कामही लावलं. तिच्या लग्नाच्या दोन व्हीसीडी आहेत, पहिली गावाला पेटीत आणि दुसरी तिच्याकडे. येत्या आखाजीला ती माहेरी येताना दुसरी घेऊन येणार आहे. पहिली डिस्क मीच जाऊन काढली. पेटीच्या तळाला, डांबराच्या गोळ्यांसोबत होती, मधल्या भोकापाशी बारीक तडा आहे. वाचते का ते अजून लावून बघितलेलं नाही. आधी दुसरा ड्राइव्ह मागवलाय. हा घरघरायला लागलाय, आणि तडा गेलेली डिस्क यात फिरवायची नाही.